फोटोत न येणारा किडा

३ फेब्रुवारी
कमरेच्या ऑपरेशनपासून बाबा वरच्या खोलीत पडून आहेत. बाग खाली. रोज बागेतल्या किड्यांची हजेरी घेणारा माणूस आता दिवसभर छताकडे बघतो. आज म्हणाले, माझा कॅमेरा घे आणि एकेकाचा फोटो काढून आण, नावं मी सांगतो. तेवढंच खाली उतरल्यासारखं वाटेल. हो म्हटलं. मापनयंत्रं तपासणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे फोकस मला कोणी शिकवायला नको. मी किड्यांना घाबरते, हा वहिनीने पसरवलेला गैरसमज आहे. मी अंतर ठेवते.

४ फेब्रुवारी, सकाळ
सगळे फोटो हललेले. कारण: वारा. वहिनी म्हणाली, पान जागचं हललं नाही, तुझेच हात लटपटत होते. तिला स्वयंपाकघरात कामं नसतात का?

४ फेब्रुवारी, दुपार
लांबचं दाखवणारी लेन्स लावली. बदलली तिथेच, गुलाबाच्या वाफ्याशेजारी. मध्येच पायावर काहीतरी चढलं, म्हणून कॅमेरा उघडाच गवतावर ठेवून घरात यावं लागलं. नंतर बघितलं तर गवताची काडी होती. आता दहा फुटांवरून काम होईल. भीतीचा प्रश्न नाही, किड्यांनाही एकांत हवा असतो.

६ फेब्रुवारी
सापडला! गुलाबावर. पिवळसर, लांबट, सहा पाय. बटण दाबलं. फोटोत गुलाब आहे, किडा नाही. पुन्हा बघितलं: आहे. फोटोत: नाही. शटर पडायच्या आत पळतो. नंतर मीही आत पळाले, पण ते चप्पल बदलायला.

बाबांना वर्णन सांगितलं. म्हणाले, फुलकिडा वाटतो, पण तो जेमतेम मिलिमीटरभर, दहा फुटांवरून तुला दिसला कसा? दहा फुटांची चुगली कोणी केली ते उघड आहे.

पाकळीशी ताडून लांबी काढली. पेरभर. म्हणजे फुलकिडा नव्हे. आकडेमोड दोनदा तपासली.

८ फेब्रुवारी, सकाळ
तळ्यावर गेले. मोकळी जागा, समोरचा काठ भरपूर लांब. कॅमेरा डोळ्याला लावला, तर तोच. समोरच्या झाडांवर. अंतर धरून हिशेब केला: लांबी मोटारसायकलएवढी. आणि तो चालत होता.

आजूबाजूला लोक शेंगदाणे खात बसले होते. कोणालाच काही दिसत नव्हतं. कॅमेरा खाली घेतला की गायब, वर केला की हजर. माझ्या मागावर इथवर आला आहे. घरी वेगाने चालत आले. त्याला पळणं म्हणत नाहीत.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
बंद खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं. टाकीवर आहे. निम्म्या टाकीएवढा. सगळ्या खिडक्या लावल्या. वहिनी ओरडली, जीव गुदमरतोय, उघड की गं! डास आहेत म्हटलं.

बाबांनी विचारलं, आज काही मिळालं? प्रकाश चांगला नव्हता म्हटलं. म्हणाले, राहू दे बाळा, तुला जमणार नाही हे मला कळायला हवं होतं. आणि परत छताकडे बघायला लागले. हे मला टाकीवरच्या प्रकारापेक्षा जड गेलं.

ठराव: उद्या सगळं सांगायचं. शटर बिघडलं आहे हे दाखवायचं. आकाराचा विषय शक्यतो टाळायचा.

९ फेब्रुवारी
सांगितलं. आकारही सांगितला, कारण त्यांनी विचारला. बाबांनी कॅमेरा मागितला, डोळ्याला लावला आणि छताकडे धरला. मग हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. कमर धरून हसले.

म्हणाले, अगं, लेन्स बागेत बदललीस ना? आत शिरलाय. आपण ज्या काचेवर चित्र बघतो त्या काचेवर फिरतोय. फोटो मागच्या सेन्सरवर उमटतो, त्यात कसा येईल? फुलकिडाच आहे, आणि काय सुरेख आहे!

कॅमेऱ्याची ही रचना मी परीक्षेत आकृतीसह लिहिली होती. पूर्ण गुण होते.

म्हणजे इतके दिवस तो माझ्या डोळ्यापासून चार बोटांवर होता. इथे मी थोडा वेळ जमिनीवर बसले. वहिनीने पाणी आणलं आणि काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

बाबा म्हणाले, दोन दिवस राहू दे आत, मग मी सोडतो त्याला. आता ते कॅमेऱ्यातून छतावर किडा बघतात आणि तो काय करतो ते ओरडून सांगतात. मी दाराबाहेरून ऐकते.

१० फेब्रुवारी
ठराव: यापुढे पक्षी. लांब बसतात, मोठे असतात, शिवाय किडे खातात.

बाबा म्हणाले, उत्तम! पिसांमध्ये उवा असतात त्यांच्या, क्लोजअप काढ.