फक्त गणितापुरती नववी

मालवण,
रविवार, ८ डिसेंबर १९८५

तीर्थरूप भाईस,

धाकट्या आनंदीचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कमरेपर्यंतच होतं, उरलेला नमस्कार मनाने पोचला असं समज.) कोल्हापूरच्या थंडीत तुझा दमा काय म्हणतो? वहिनीचे गुडघे जिना चढू देतात का? तिला सांग, कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं तयार आहेत, घाट चढणारं कोणी ओळखीचं भेटलं की पाठवते. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर आठ दिवस झाले, मी घाबरून आहे, आणि त्याला कारण गणित आहे. हसू नकोस. तू जन्मभर शाळेत गणित शिकवलंस, तेव्हा गणिताला घाबरणारी माणसं तुला नवी नाहीत; पण ती तेरा वर्षांची असायची, अठ्ठावन्न वर्षांची नव्हेत.

झालं असं, की मागच्या रविवारी नीरजाचे गणिताचे मास्तर, कांदळगावकर, घरी आले. लेक-जावई कुवेतला गेल्यापासून नातीच्या प्रगतिपुस्तकावर मीच सही करते, म्हणून मास्तर दारात दिसले की माझेच मार्क कमी पडल्यासारखं मला होतं. मी विचारलं, काय केलं तिने? तर म्हणाले, आठवीचं गणिताचं पुस्तक तिने दिवाळीपूर्वीच संपवलं. (ही तक्रार आहे की कौतुक, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. गणिताच्या मास्तरांचे चेहरे असेच असतात, तुझाही होता.) त्यांचं म्हणणं, बाकी विषयांना ती आठवीतच बसेल, पण गणिताच्या तासाला नववीत जाईल, पुढच्या वर्षी दहावीत. जे पोर धावू शकतं त्याला रांगायला लावलं तर ते गणितावर रुसतं, म्हणाले. हेडमास्तरांचं मत निराळं. ते म्हणतात, पाया कच्चा राहील. शेवटी दोघांनी मिळून असं ठरवलं, की पालकांनी काय ते ठरवावं. पुढच्या सोमवारपर्यंत संमतीपत्र भरून पाठवा, असं सांगून मास्तर चहा पिऊन गेले. ते पत्र मी टेबलावर पितळी दिव्याखाली दाबून ठेवलं, आणि तेव्हापासून त्या खोलीत जायचं टाळते आहे.

कुवेतला विचारावं तर पत्र जायला बारा दिवस आणि यायला बारा. तोवर नववीचं निम्म्याहून जास्त गणित होऊन जाईल. आणि मला काय काय दिसू लागलं म्हणून सांगू! नववीतल्या मुलांना मिसरूड फुटलेलं असतं. त्यांच्यात ही दोन वेण्यांची पोर शेवटच्या बाकावर, फळासुद्धा दिसत नाही. पुढे दहावीत पोचेल तेव्हा गणित संपलेलं, मग तो तास ती काय करणार? आणि सगळ्यात मोठी भीती बाबलीची. आपल्या बाबलीला काकांनी चौथीतून एकदम सहावीत बसवलं होतं, आठवतं ना? पेढे वाटले होते. आणि अपूर्णांक होते पाचवीत. ते जे राहिले ते राहिलेच. आता निवृत्त झाल्यावर बाबलीला सुतारकामाचा छंद लागला आहे. त्याच्या घराचं एकही दार लागत नाही. माझ्या देवघराला त्याने हौसेने दोन झडपांचं दार करून दिलं; दोन्ही झडपा मिळून पाऊण दार होतं आणि उरलेल्या पावातून मांजर जाऊन नैवेद्याचं दूध पिऊन येतं. मी बोलले, तर म्हणतो, "आनंदी, लाकूड आटता गो." लाकूड आटत नाही रे भाई, पाचवी आटली आहे! उद्या नीरजाचं असं काही मधलंच राहून गेलं, आणि चाळीस वर्षांनी कुणाच्या घरात मांजर शिरलं, तर दोष कोणाचा?

बुधवारी शेवंती मासे घेऊन आली. (तिची पाटी उतरवता उतरवता मी आजवर कितीतरी निर्णय घेतले आहेत.) तिला सगळं सांगितलं. तिने बांगडे मोजता मोजता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, तुमी शिकलली माणसां, आणि माका कित्याक इचारतास? बांगडो लवकर उतरलास तर कच्चो, उशिरा उतरलास तर करपलो. चुलीम्होरे उभा रवल्याबिगर कोणाक कळता तां?" मी म्हटलं, अगं, मग उतरवू की नको? तर म्हणे, "माका काय ठावक? चूल तुमची."

तेव्हा मग मी जे करायला नको होतं ते केलं. शुक्रवारी देवळात कौल लावायला गेले. बेळगावच्या कॉन्व्हेंटात अकरा वर्षं काढलेल्या बाईने देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवून, उजवी पडते की डावी याची वाट बघत बसावं, हे सिस्टर बेनेडिक्टांना कळलं असतं तर त्यांनी मला शंभर ओळी लिहायला लावल्या असत्या. पण सिस्टर आता नाहीत, आणि भीती आहे. आपला गुरव दत्ताराम, त्याला मी व्यवस्थित समजावून दिलं: मास्तरांचं मत, हेडमास्तरांचं मत, बीजगणित कोणत्या वर्षी, भूमिती कोणत्या वर्षी, बाबलीचं दार. दत्ताराम म्हणाला, "बाय, देवाक एकच गजाल इचारूची असता, हां काय नाय. तुमी तर आख्खो पेपरच काढलास." मग त्याने आपल्या मनाने गाऱ्हाणं घातलं: "बा म्हाराजा, आठवीतल्या चेडवान गणिताक नववीत बसाचां काय नाय, तां तू आज उजवां-डावां करून सांग." बाजूच्या दोन म्हाताऱ्यांनी आणि नारळवाल्याने जोरात साथ दिली, "व्हय म्हाराजा!" आता अख्ख्या बाजारात ठाऊक झालंय, आनंदीबाई देवाला बीजगणित विचारतात.

अर्धा तास एक पाकळी हलेना. मी घाबरून मनातल्या मनात आधी विष्णुसहस्रनाम आणि मग (तुला म्हणून सांगते) हेल मेरीसुद्धा म्हटली. आणि उजवी पाकळी पडली. होय! मी म्हटलं, दत्ताराम, परत विचार. तो म्हणाला, "देवाचो शब्द तुमका पटणा नाय?" पटत होता रे, म्हणूनच. त्याने कुरकुरत परत लावलं. परत उजवी. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा त्याने पाकळ्यांचं तबकच आत नेऊन ठेवलं. परतताना ते दोन म्हातारे म्हणत होते, हिला कौल नको होता, हिला 'नाय' हवं होतं.

घरी आले तर नीरजा पायरीवर बसली होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. म्हणाली, "आजी, तू भियतंस कोणाक? गणिताक, काय माका?" मी म्हटलं, तुझ्यासाठी भिते, बाळ. तर म्हणाली, "मास्तर प्रश्न पुरो सांगूच्या आदी माका उत्तर येता. मगे उरलेलो वेळ मी वर्गाचे वासे मोजतंय. बावीस आसत. रोज बावीसच." भाई, ती हे रडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने हवापाणी सांगावं तसं तिने सांगितलं. आठ दिवस मी गावाला विचारलं, देवाला विचारलं, दोनदा विचारलं, आणि जिला त्या बाकावर बसायचं तिला विचारायचं राहिलंच होतं. मग ती हळूच म्हणाली, "सांजची गणितां मगे आपण नववीची करूया ना?" मी म्हटलं, करूया की. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले.

आता तूच सांग, काय करू? तू मोठा, तू जाणता. उलट टपाली कळव. वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि रात्री पंख्याखाली झोपू नकोस.

तुझी,
आनंदी

ता. क. तुझं उत्तर यायला गुरुवार उजाडणार आणि मुदत उद्याची, म्हणून कालच सही करून पाकीट बंद केलं आहे. तरी तुझं मत जरूर कळव. मात्र 'नको' असं असेल तर कळवू नकोस.

ता. क. २. खरं कारण आता लिहिते, कारण कागद संपत आला आहे. नीरजा आणि मी रोज दिवेलागणीला ओसरीवर एकत्र गणितं सोडवतो. तिला वाटतं, आजीला सगळं येतं. मला आठवीपर्यंतचं येतं. पुढचं आलं असतं, पण आमच्या कॉन्व्हेंटात लग्नाच्या वयाच्या मुलींना बीजगणिताच्या तासाला रुमाल भरायला बसवत. तू तेव्हा सुट्टीत शिकवायचं कबूल केलं होतंस आणि क्रिकेट खेळायला पळालास. ते मी विसरलेले नाही. तेव्हा आता ये. नाताळपर्यंत थांबू नकोस. महिनाभर राहा आणि सकाळी ती शाळेत गेली की मला शिकव. विचारलं तर हवापालटासाठी आलो म्हणून सांग. एकदा ती पुढे गेली, की ओसरीवर मी तिच्या शेजारी नुसती बसलेली म्हातारी होईन, भाई. त्याची मला फार भीती वाटते.

ता. क. ३. सोमवार, संध्याकाळ. तिकीट लावायचं राहिलं ते बरं झालं. संमतीपत्र परत आलं. सही ठीक होती, पण भीतीच्या भरात 'विद्यार्थिनीचे नाव' या ओळीवर मी आनंदी असं लिहून ठेवलं होतं. मी नवीन कागद भरला, आणि या वेळी नाव नीरजाचंच लिहिलं. मास्तरांनी तिच्याबरोबर निरोप पाठवला आहे, की नववीच्या वर्गात मागच्या बाकावर आणखी एक जागा आहे, आजींना येतात का विचार. ती समोर उभी राहून उत्तर मागते आहे. पहिली गाडी पकड.