नाक दोन अंश खाली

६ जानेवारी, सोमवार

पडलं! सहा आठवड्यांचं काम — नऊ सेकंदांत.

ओमप्रकाशनं रिमोटवरून थ्रॉटल पूर्ण दिला, मोटरीला सगळा जोर. विमानानं नाक वर केलं, अजून वर केलं, आणि आभाळाकडं बघत उभंच राहिलं. मग आलं खाली, पिंगळीच्या रानात, ढेकळांवर. फोमचा चुरा!

गोपीचंद आमच्या कॉलेजच्या संघाचा कॅप्टन. सगळ्यांदेखत ओरडला — "एवढा थ्रॉटल कशाला दिलास? हात हाय का हातोडा?" ओमप्रकाश तसाच खाली वाकला. आमचा एकटा पायलट तो. तुकडे गोळा करत राहिला.

नांदेडची मॉडेल विमानांची स्पर्धा एक फेब्रुवारीला. वाचली फक्त मोटर, आणि ती जिच्यावर बसते ती प्लायची पाटी.

७ जानेवारी

दिवसभर फोम कापला. केसांत फोम, चहात फोम. आता या वहीतही!

१० जानेवारी, शुक्रवार

दुसरं विमान तयार. जुनी मोटर पाटीसकट उचलून बसवली. गोपीचंद म्हणाला, शेपटीची पट्टी जरा खाली वाकवून ट्रिम करू, नाक दबून राहील. राहिलं की! सरळ उडालं. आम्ही टाळ्या वाजवल्या — आणि ओमप्रकाशनं उतरवायला थ्रॉटल कमी केला तसं नाक एकदम जमिनीकडं. कसंबसं सावरलं त्यानं.

म्हणजे आता जोर दिला तर ठीक, काढला की बुडी. स्पर्धेत पोटात किलोभर वजन घेऊन उतरायचंय, अशी उतरणारच नाही ही बया.

गोपीचंद म्हणतो, पायलट बदलू. कुठून आणायचा?

१२ जानेवारी, रविवार

पेडगावला घरी आले. बाबा ऊसतोडीला कारखान्यावर, म्हणून औत आईच्या हातात. कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या रानात वखर चालू होता. लय खोल जायला लागला, बैलं दमली. मला वाटलं आई वखरावर वजनाला ठेवलेला दगड काढील. तिनं दगडाला हातही लावला नाही. जुवाकडचा दोर सोडला, वीतभर आखूड करून बांधला. वखर वर आला. बैलं खुशाल चालायला लागली.

"दगड का नाही काढलास?"

"दगड काढून काय व्हतंय? ओढच वाकडी हाय. आधी ओढ कुठून लागायलीय ते बघावं बाई, मंग बाकीचं."

मी वखरानं काढलेल्या तासातच उभी. ओढ! आम्ही शेपटीला वाकवत बसलोय, आणि मोटर कुठं ओढतेय ते कुणी बघितलं?

"आता उभी का ऱ्हायलीस खांबावानी? बैलाला पाणी दाव!"

१३ जानेवारी

सकाळी सगळ्यांच्या आधी वर्कशॉपात गेले.

जोर वाढला की पंखांची उचल वाढते, नाक वर जायला बघतं. म्हणून मोटरच जरा खाली बघती बसवायची — दोन अंश. चित्र माझं, बसवलं मीच. वरच्या दोन बोल्टांमागं वाशर घालायचे, म्हणजे मोटर खाली झुकते.

माझे वाशर खालच्या बोल्टांमागं आहेत.

दोन अंश खाली नाही. दोन अंश वर! पहिल्या विमानात हेच, दुसऱ्यातही हेच. ओमप्रकाशची काहीच चूक नाही.

पाच मिनिटांत वाशर वर घातले. शेपटीची पट्टी सरळ केली. कुणी आलं नव्हतं. कुणाला सांगितलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

उडालं! काय उडालं! पूर्ण जोर दिला — सरळ. काढला — तरी सरळ, घारीसारखं तरंगत आलं आणि टेकलं. मी नाचले, खरंच नाचले रानात.

गोपीचंदनं ओमप्रकाशच्या पाठीवर थाप मारली — "असंच आधी उडवलं असतंस तर एक विमान वाचलं असतं!"

ओमप्रकाश हसला. कसनुसा. मी हातातला तिळगूळ तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

१५ जानेवारी

नाही सांगितलं. भित्री!

१६ जानेवारी, गुरुवार

सांगितलं. सगळ्यांसमोर. वाशर काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, विमान मी पाडलं.

मग ओमप्रकाश — "मला वाटायलं माझा हातच गेला. घरी सांगून बसलो, पुढच्या वर्षी उडवणार न्हाई." मला रडूच आलं. तर हा पठ्ठ्या हसायला लागला! "अगं, रडायलीस काय? उलट्या मोटरीनं उडवलं की मी! सांग कोण उडवतंय असं!"

गोपीचंदनं त्याच्यासमोर स्वतःचे कान धरले. मग मार्कर घेऊन विमानाच्या नाकावर, वरच्या बोल्टांपाशी, केवढं मोठं 'वर' लिहिलं. "दैवशाला, हे तुझ्यासाठी."

बरं वाटतंय. कधी नव्हे एवढं बरं!

१ फेब्रुवारी, नांदेड

तिसरे! एकोणतीस संघांत तिसरे! पोटात किलोभर वजन घेऊन उतरलं, कापसासारखं. परीक्षकांनी विचारलं, थ्रस्टचा, म्हणजे मोटरीच्या ओढीचा, कोन कसा काढला? मी म्हणाले, आईच्या वखरावरून. हसले. मग मी कागदावर दोर आणि ओढ काढून दाखवली. हसायचे थांबले, आणि एकानं कागद मागून घेतला.

आईला फोन केला. "पडलं न्हाई ना कुणाच्या डोस्क्यावर? मंग झालं!"

९ फेब्रुवारी, पेडगाव

शेजारच्या सरजाबाईकडं आई रोज पाटी घेऊन बसायलीय. आज कळलं. बाराखडी निम्मी झाली.

"या वयात कशाला गं?"

"तू वहीत काय लिवतीस इतकं, ते वाचायचं हाय."

पंधरा जानेवारीचं पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

आई, वाचत इथवर आलीस तर हाक मार.