सुनेच्या जप्त हेल्मेटबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
जलवाहिनी देखभाल विभाग
(मार्फत : सहायक अभियंता, गस्त शाखा)

विषय : भांडारात जप्त असलेले एक हेल्मेट, माप ५३, ज्या कर्मचारी महिलेचे आहे तिला परत देण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. तिन्हींची पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

अर्जदार या विभागात एकोणीस वर्षे भांडारपाल आहे. आधीचे अर्ज आपल्यापर्यंत पोहोचले असतील असे गृहीत न धरता तो सगळी हकिगत पहिल्यापासून सादर करीत आहे.

१. डोंगरातल्या जलवाहिनीची गळती पाहणाऱ्या बारा गस्त कर्मचाऱ्यांना गेल्या वर्षी विजेवर चालणाऱ्या डर्ट बाइक मिळाल्या. त्यांच्यासाठी संरक्षक साधने निवडण्याचे काम तोंडी आदेशाने अर्जदाराच्या गळ्यात पडले. अर्जदाराला सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही. म्हणून त्याने गस्तीच्या मुकादमांना विचारले. ते म्हणाले, "या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. मूठ जरा जास्त पिळली की गाडी पुढे आणि माणूस मागे. माणूस पडणार हे धरूनच काय ते घ्या."

२. अर्जदाराने तसे धरूनच दोन आठवडे निवड केली. पुरवठादाराकडून नमुने मागवले आणि भांडारासमोरच्या मोकळ्या जागेत बाराही जणांना ते घालायला लावले. हेल्मेट हनुवटी झाकणारे हवे, गालांना दाबून बसणारे हवे, आणि डोके गदागदा हलवले तरी जागचे हलता कामा नये, हे तिथेच कळले. गुडघ्याचे पॅड बसून पाहिले तर सगळेच छान वाटतात. खडकाळ वाटेवर मात्र गाडी उभ्याने चालवावी लागते, आणि उभे राहिले की निम्मे पॅड नडगीवर उतरतात. म्हणून प्रत्येकाला गाडीच्या पायदानावर उभे करून पाहिले. छाती-पाठीचे कवच, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, सगळ्यांची मापे शिंप्याच्या फितीने घेतली. सर्वांत मोठे डोके 'उंटदादा' म्हणवणाऱ्या उंच कर्मचाऱ्याचे, घेर ६१ सेंटिमीटर. सर्वांत लहान ५३, ते अर्जदाराच्या सुनेचे. ती लग्नाच्या आधीपासून गस्तीवर आहे, तिला नोकरी अर्जदाराने लावलेली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

३. बारा जणांचा तक्ता खरेदी शाखेकडे गेला. शाखेने कळवले की एका वस्तूच्या बारा मापांना मंजुरी देता येत नाही, एकच माप कळवावे. माणसे बारा असल्याने तसे कळवता येत नाही, असे अर्जदाराने लिहिले. त्यावर शाखेने स्वतःच सगळ्या मापांची बेरीज करून बाराने भागले. बूट आले ते सगळे आठ नंबरचे. हेल्मेट आली ती सगळी ५७ ची. उंटदादांच्या डोक्यावर ते कानांपाशीच अडकते. दोघांना हेल्मेट नीट बसले, त्यातल्या एकाची पुढच्याच महिन्यात बदली झाली.

४. नोव्हेंबरात उतारावर गाडीला हिसका बसला आणि सुनेचे हेल्मेट पुढे घसरून डोळ्यांवर आले. ती खडीवर पडली. डावे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. चौकशी अहवालात लिहिले आहे की, कर्मचाऱ्याने हेल्मेट घातलेले होते व डोक्यास इजा नाही, सबब हेल्मेट योग्य आहे. अर्जदाराने तो अहवाल घरी वाचून दाखवला तेव्हा सून जेवायला बसली होती. एकट्या उजव्या हाताने पोळीचा तुकडा मोडण्याचा तिचा प्रयत्न चालू होता.

५. कामावर परतल्यावर तिने बाजारातून स्वतःचे हेल्मेट आणले. माप ५३. अर्जदाराने शिकवले होते तसेच दुकानात डोके हलवून पाहून घेतले. आठ दिवस ते घालून ती गस्तीवर गेली. नवव्या दिवशी तपासणीस आले, आणि विभागाने न दिलेले साधन वापरल्याबद्दल ते जप्त करण्यात आले. जप्त वस्तू भांडारात ठेवायची असते. पंचनाम्यावर सही अर्जदाराची आहे, कपाटाला कुलूप अर्जदाराने लावले, आणि किल्लीही त्याच्याकडेच आहे.

६. त्या दिवसापासून रोज सकाळी सून भांडाराच्या खिडकीशी येते. घरी ती अर्जदाराला बाबा म्हणते, खिडकीशी मात्र "साहेब, सही कुठे करू?" एवढेच विचारते. अर्जदार तिला ५७ चे हेल्मेट देतो. तिचे स्वतःचे त्याच्या पाठीमागे चार हातांवर असते. आत फोम भरून द्यावा म्हटले, तर साधनात फेरफार करण्यास मनाई असल्याचे पत्र आले. ती डोक्याला ओढणी गुंडाळून वर हेल्मेट चढवते, पण दुपारपर्यंत ओढणी सैल होते. मुलगा कामानिमित्त परगावी असतो, तो रोज फोनवर एकच विचारतो, "पोचली का?" अर्जदाराची पत्नी म्हणाली, "किल्ली तुमच्या खिशात, आणि तुम्हीच हात बांधून बसता?" अर्जदाराने तिला नियम समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्यानंतर ती या विषयावर बोललेली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

७. अर्जदार दोनदा कपाट उघडून हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला आहे, आणि दोन्ही वेळा त्याने ते परत ठेवले आहे. ते दिले तर सुनेवर दुसऱ्यांदा नियमभंगाची नोंद होईल, आणि तिसऱ्या नोंदीला गस्तीवरून काढतात. हे काम तिला आवडते. ती अर्जदाराला एकदा म्हणाली होती, "बाबा, वर गेलं की पाइपातलं पाणी ऐकू येतं." तेव्हा काय करावे हे अर्जदाराला कळत नाही.

८. तरी विनंती अशी की, सदर हेल्मेट वापरण्याची परवानगी द्यावी. ते शक्य नसल्यास ५३ मापाचे एक हेल्मेट मागवावे. तेही शक्य नसल्यास सकाळच्या वाटपाचे काम अर्जदाराकडून काढून कोणाही दुसऱ्याकडे द्यावे.

९. हा अर्ज अर्जदार भांडारात बसून लिहीत आहे. सुनेची फेरी अडीचला संपते. सव्वातीनपर्यंत ती आली नव्हती. पूर्वीच्या मोटारसायकली वळणापासून ऐकू यायच्या, या गाड्यांना आवाज नाही. म्हणून वरचा परिच्छेद लिहिताना अर्जदार चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आला. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी ती आली. वाटेत एकदा पडले, असे म्हणाली. कपाळावर हेल्मेटच्या कडेचा लाल वळ होता. तिने हेल्मेट खिडकीवर ठेवले आणि सही केली. परत आलेल्या साधनाची स्थिती लिहिण्यासाठी नोंदवहीत एक रकाना आहे. अर्जदाराने त्यात 'सुस्थितीत' असे लिहिले. उद्या तिची फेरी सकाळी सातची आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
भांडारपाल
दिनांक : ११ मार्च

सोबत : १. बारा कर्मचाऱ्यांच्या मापांचा तक्ता. २. चौकशी अहवालाची प्रत. ३. आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.