कणगीमागची बाटली

कुंभार पिंपळगाव,
ता. २ नोव्हेंबर १९९४

चि. बेबीनंदास साळू आजीचे आशीर्वाद. मी धड आहे. दाढा दोनच उरल्या, जीभ अजून आख्खी आहे.

तुझ्या केक-नानकटाईसाठी मोसंबीचा अर्क घातला. पिवळी साल तेवढीच सोलली. पांढरं लागलं की कडू होतो. तुझा भाऊ तातेराव मिलिटरीतून रम घेऊन आल्ता, ती बरणीत वतली. आता चाळीस दिवस रोज हलवायचं. उरलेली बाटली कणगीमागं ठेवली, तिथंच घात झाला. माझी धाकटी जाऊ सगुणा चाळणी मागायला आली आन् तिला बाटली दिसली. मला एका शब्दानं विचारलं न्हाई. गळ्यात तुळशीची माळ, आन् गल्लीभर सांगत फिरली की साळू पिऊन राह्यली. गिरणीवर बाया पदर सावरून सरकतेत. काल सप्त्याचा कारभारी भिवा आला, म्हणे, आजी, यंदा तुम्ही आराम करा. तीस वर्षं सप्त्याच्या पुरणाची कढई माझ्या हातात होती. ती आता सगुणाकडं.

मी रडले न्हाई. वीस तारखेला तिच्या नातवाचं बारसं आहे. मागच्या खेपेचा अर्क तुझ्याकडं असंल, तो सढळ हातानं घालून डबाभर नानकटाई पाठव. अंडं बिलकुल नको, तिला संशय यायचा. लोभ असला तर जल्दी पाठव, नसला तरी पाठव.

साळू

नवीन जालना,
ता. ११ नोव्हेंबर १९९४

ती. आजीस बेबीनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. माळ घातलेल्या बाईला न सांगता असलं खाऊ घालणं मला पटत नाही. तू भिवाकाकांना सरळ बरणीच उघडून दाखव ना. पण तुझ्यापुढं कुणाचं चाललंय? सतरा तारखेला डबा एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते. त्या दिवशी जीभ जरा आवर, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
बेबीनंदा

कुंभार पिंपळगाव,
ता. २२ नोव्हेंबर १९९४

चि. बेबीस आशीर्वाद.

पाळणा झाल्यावर डबा सगुणाच्या पुढ्यात ठेवला. तिनं सात खाल्ल्या, मी मोजल्या. सगळ्या बायांसमोर म्हणे, काय वास आहे बाई, कसं करता सांगा. मी बराबर सांगितलं. साल, बरणी, चाळीस दिवस, आन् शेवटी रम. कणगीमागची.

आठवी तिच्या हातातच राह्यली. मी म्हणाले, ही दारू असंल तर आपण दोघी पितो, मी कणगीमागं, तू पाळण्यापुढं. अर्क असंल तर तसं सांग, भिवाच्या बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तिनं माळेचे मणी चाचपले. मंग म्हणाली, “दारू न्हाई बायांनो, अर्क हाये. माझंच चुकलं.”

दिवस मावळायच्या आत भिवा कढई घेऊन दारात. दुसऱ्या दिवशी सगुणानं मोसंबीच्या सालीची पाटी धाडली, समेट म्हणून. मी तिच्याच दारापुढं शेळीला चारली. तुझ्यावर लोभ आहे. तिचा वाटाही तूच घे.

साळू

नवीन जालना,
ता. २९ नोव्हेंबर १९९४

ती. आजीस सा. नमस्कार.

हे मुद्दाम बंद पाकिटात लिहितेय. त्या डब्यात रमचा अर्क नव्हताच. माझा हात धजला नाही. मी साल तुपात मंद कढवली आणि तेच तूप नानकटाईत घातलं. सगुणाआजीच्या व्रताला काही झालेलं नाही. तिला एवढं सांगून टाक, बिचारी जिवाला लावून घेईल. हवं तेवढं रागाव, पण नातं तोडू नको.

तुझी,
बेबीनंदा

कुंभार पिंपळगाव,
ता. ५ डिसेंबर १९९४

चि. बेबीस आशीर्वाद.

पाकीट वाचलं आन् चुलीत घातलं. तू तुझ्या आजोबावर गेलीस, भित्री. तुपात साल किती वेळ कढवलीस ते लिही, वास झकास आल्ता.

सगुणाला सांगीन. पण सात खाल्ल्या म्हणून तिनं सात गुरुवार निरंकार उपास धरलेत. दोनच झालेत. उरलेले पाच होऊ दे, मंग सांगीन. तोवर लोभ ठेव आन् तोंड मिटून ठेव.

साळू