जाळं उघडत नाही

बाबा,

तू सारसोळ्याच्या जेट्टीवर आहेस आणि मी घरात सातवं पान फाडतेय. तोंडावर सांगायला जमेना, म्हणून लिहिते.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट बँकेत जानार" असं तू गावभर सांगितलंस, त्या बँकेच्या परीक्षेला मी गेलेच नाही. मी वाशीला एका छोट्या स्टुडिओत काम मागायला गेले. तिथे अजून हाताने चित्रं काढून सिनेमे करतात. तिथल्या लोकांनी आवडता सिनेमा विचारला, तर मी बड्या कंपनीचा कुठलाच सांगितला नाही. आपल्या सीडीवरचा तो परदेशी कोळ्याचा सांगितला. तो लागला की तू ओरडायचास, "यो जालं टाकतंय का गोधडी झटकतंय? काठ दातांत कोन धरनार, याचा बापूस?" तेही मी ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर टाकलेल्या जाळ्याचं चित्र काढून आणा. बारा चित्रं, उद्यापर्यंत."

कागदावर माझं जाळं उघडतच नाही, बाबा. तू टाकायचास तेव्हा मी कायम मासेच बघितले, तुझे हात कधी बघितले नाहीत.

हे पत्र देत नाही. वही घेऊन जेट्टीवर येते. आधी परीक्षेचं सांगेन, कारण खोटं बोलून तुझे हात काढायचे नाहीत मला. त्यानंतर जाळं टाकायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
उन्नती