वर्गाच्या दारातून

ताई,

आज शिक्षण समितीसमोर बोलून आले. वर्षातून दोन दिवस शिक्षकांना सभागृहात कोंबून भाषणं ऐकवायची, याला प्रशिक्षण म्हणू नका, असं तोंडावर सांगितलं. त्यापेक्षा आठवड्यातला एक तास मोकळा द्या आणि नव्या शिक्षकांना अनुभवी शिक्षकांच्या वर्गात बसू द्या.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे सुचलं कुठून?"

मी म्हटलं, "माझ्या शाळेत एक बाई होत्या. घरचं सगळं मार्गी लावून उशिरा या पेशात आल्या. अपूर्णांक शिकवताना अडखळायच्या, मुलं हसायची. मी मुख्याध्यापिका, पण एकदाही त्यांच्या वर्गात जाऊन बसले नाही. दारातून पाहिलं आणि अहवालात लिहिलं, 'वर्गावर ताबा नाही.' त्यांनी नोकरी सोडली."

त्या बाई माझी सख्खी बहीण, हे मात्र ओठांवर येऊन परत गेलं.

राजीनामा देताना तू म्हणाली होतीस, "अगं, कुणी एकदा दाखवलं असतं तर मला जमलं असतं." मी नियमावर बोट ठेवलं. त्याला सहा वर्षं झाली.

समितीने तास मंजूर केला, सध्या वीस शाळांत. लोक अभिनंदन करत होते आणि मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, "आली बाई अक्कल, उशिरा का होईना!"

तुझा नवा पत्ता आईकडे आहे. मागितला तर ती आधी विचारेल, "तुमचं बिनसलं तरी कशावरून?"

तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

तुझीच,
धाकटी