झिजलेली पत्ती

मंगळवार, ९ डिसेंबर. संध्याकाळ.

चिंचोळीच्या कारखान्यात असलेल्या मेव्हण्याने आज माझ्या फिलर गेजची, म्हणजे इंजिनातली बारीक फट मोजायची, पत्ती मायक्रोमीटरवर मोजली. झिजलीय. हवी त्यापेक्षा पातळ.

म्हणजे इतकी वर्षं मी हिच्यावरच टॅपेटची गॅप, व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट, लावत आलो आणि ती कमीच पडत गेली. गॅप कमी असली की इंजिन गप्प चालतं आणि आतल्या आत व्हॉल्व्ह जळतो.

त्या जुन्या आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाडीचा जळाला, तसाच. माझ्या गॅरेजातला मिस्त्री शरणप्पा तेव्हा बॉनेटवर वाकून ऐकत होता. म्हणाला, "अण्णा, लई गप्प चालतीया. जरा टकटक पायजे की." मी गिऱ्हाईकासमोर ओरडलो, "पत्ती खोटं बोलती व्हय?" व्हॉल्व्ह जळाल्यावर खापरही त्याच्याच डोक्यावर फोडलं. दहा वर्षं सोबत राबलेला माणूस, गॅरेजमधून काढून टाकला. का ऐकलं नाही मी?

मघाशी त्याला फोन लावला. लगेच उचलला. "बोला की, अण्णा." आवाजात राग नाही, काही नाही.

मी विचारलं, जेवलास का?

"न्हाय अजून," म्हणाला, आणि वाट बघत राहिला.

पत्ती माझ्या मुठीत होती. फोन मीच ठेवला.